ळ

महापेच्या कंपनीने दिलेला रोबो
आमच्या तुर्भ्याच्या शाळेत आला गुरुवारी.
मुख्याध्यापकांनी हार घातला,
हार सेन्सरवर आला, तो भिंतीला धडकला.
वर्ग हसला.

पाढे मात्र चोख. एकोणतीसचा उलटा म्हणतो.
कंटाळत नाही, घसा बसत नाही माझ्यासारखा.
पण फळ्याला फला म्हणे,
शाळेला शाला.

तिसऱ्या बाकावर तिम्मव्वा,
खाणीवरच्या वडारवस्तीतली.
दोन वर्षं हजेरीला नुसता हात वर.
पहिल्या दिवशी तिच्या बोलण्याला
कोणीतरी हसलं होतं.
कोणीतरी म्हणजे
मीसुद्धा, थोडीशी.

ती उठली.
तिच्या घरच्या भाषेत ळ भरपूर.
त्याच्या पडद्यासमोर तोंड उघडून
जीभ टाळूकडे वळवून दाखवली:
"ळ. असं. बाळ. केळं. खळं."
"बाल," तो म्हणाला. "चुकलं का? पुन्हा सांग."

पुन्हा सांग.
बावीस वर्षांच्या नोकरीत
हे मी दटावून म्हटलंय शेकडो वेळा,
असं मागून कधीच नाही.

मधली सुट्टी झाली, खिचडी गार झाली,
ती सांगतच होती.
माळ, गूळ, वेळ, आभाळ,
दोन वर्षांचं साठलेलं.
मग त्याचा चार्ज संपला, पडदा काळा.
ळ काही आला नाही.

ओढणीच्या टोकाने तिने
त्याच्या डोळ्यावरची खाणीची धूळ पुसली.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"बाई, ओरडू नका हं त्याला."