सतरा नंबरचा खांब

माजलगावच्या दुकानात मसाजी लिंबोरे आला
तेव्हा पोटरीपर्यंत गाळ वाळलेला, हातात स्टीलचा डबा.
डब्यात राऊटर,
फडक्यात गुंडाळलेला, आजारी कोंबडीसारखा.
"नावंवर चालंना."

म्हणालो, साधा फोन लाव की,
एका दांडीवरसुद्धा आवाज जातो.
"आवाजाचं काम न्हाई," म्हणाला,
आणि पुढं काही बोलला नाही.

धरणात त्याची नाव. पत्र्याची, वर ताडपत्रीचं खोपटं.
बाजूला माशांचे बारा पिंजरे,
त्यांच्या राखणीला रात्रीचा मुक्काम पाण्यातच.
वायफाय काठावर, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत.
खोली जागची हलत नाही, पाणी हलतं.
आखाजीपर्यंत काठ अर्धा कोस मागं पडतो,
नाव पाण्यामागं निघून जाते
आणि पासवर्ड खोलीतच राहतो.

आधी मी ताटलीसारखा अँटेना बसवला,
सोसायटीकडं तोंड करून नट आवळले.
पाचही दांड्या! मी चहा मागितला.
चहाला उकळी फुटेस्तोवर वारा फिरला,
नाव नांगराभोवती वळली
आणि माझा अँटेना बालाघाटाकडं बघत बसला.
"नाव हाय ती," मसाजी म्हणाला,
"येका तोंडानं कुठं उभी ऱ्हाती?"

दुसऱ्या खेपेला चौफेर दांडी नेली,
बांबूवर चढवली, पत्र्यापासून लांब.
राऊटर डब्यातून काढून प्लास्टिकच्या बरणीत घातला,
बरणीला कैरीच्या लोणच्याचा वास.
ट्रॅक्टरची जुनी बॅटरी.
तरी तुटायचं.
मधे एक टप्पा पाहिजे, मी म्हणालो,
पण पाण्यात टप्पा कशावर ठेवणार?

त्यानं वल्ह्यानं दाखवलं.
धरणात गेलेल्या वस्तीचा विजेचा खांब
चैत्रापासून डोकं काढून उभा,
पाणकावळ्यांनी पांढरा करून टाकलेला.
गंजाखाली आकडा अजून वाचता येई: सतरा.
तारा गेल्या, घरं गेली,
खांबाला कुणी कळवलं नसावं.
यंत्र आणि सोलरची पाटी मी त्याला पट्ट्यानं आवळली.

रात्री नऊला मसाजीनं फोन बरणीला टेकवला.
पडद्यावर कौसा, त्याची बायको,
जन्मापासून ऐकू न येणारी.
त्यानं दोन्ही हात मोकळे केले
आणि बोलायला लागला.

एवढा बोलका माणूस मी पाहिला नव्हता.
अंगठा उलटा फिरला, तळवा मांडीवर आपटला,
ती तोंडाला पदर लावून हसली,
नाकाला बोट लावून तिनं काही विचारलं,
मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात चित्र अडकलं.
तिचा हात हवेत, अर्धा उघडा.
मसाजीचाही तसाच वर राहिला,
जणू खाली घेतला तर तिचा शब्द सांडेल.
चार सेकंद. मी मोजले, धंदाच तो माझा.
मग तिची मूठ मिटली.

"काय म्हणाल्या?"
"दळन संपलंय म्हनती."

मजुरीत रोख थोडी आणि दीड किलोचा कटला.
निघताना बजावलं, पाणी चढायच्या आत यंत्र काढून घ्या,
खांब बुडाला की टप्पा गेला.
"तवा टप्पा कशाला? काठच येतोय की जवळ."
सोळा वर्षं मी टॉवर, दांड्या, वायरी करतो,
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भादव्यात अनोळखी नंबरावरून व्हिडिओ आला.
कौसा.
एक हात तिनं कोपरापासून सरळ उभा धरला,
दुसऱ्या हाताचा आडवा तळवा
हळूहळू वर नेला: कोपर, मनगट, बोटांची टोकं.
मग कॅमेरा फडताळाकडं वळवला.
वरच्या फळीवर माझं यंत्र, पुसून कोरडं,
मिठाच्या पुड्याशेजारी.

मी दोन्ही हात वर केले.
काय म्हणायचं ते माहीत होतं,
बोटांना येत नव्हतं.
चित्र अजिबात अडकलं नाही.
ती थांबली.