ण बाणाचा

करारनामा अठरा पानांचा,
आणि त्यातलं अक्षर सव्वा मिलिमीटरचंही नाही.
मोजलंय मी. व्हर्नियरनं.
कंपनीनं गेटपास, हेल्मेट, कपाटाची किल्ली, सगळं परत घेतलं.
व्हर्नियर माझ्या पैशांचा होता म्हणून राहिला.
एक पॉइंट बारा.

हिंगण्याच्या एमआयडीसीत सतरा वर्षं
शाफ्ट, बुश, पिना माझ्या हातून गेल्या.
केसाएवढा फरक दिसला की लाल टॅग.
सुपरवायझर कितीही ओरडला तरी तो नग पुढे सोडला नाही.
आणि ही सही मी केली मॉलमध्ये, उभ्या उभ्या,
सरकत्या जिन्याखाली, टायवाल्या पोरानं धरलेल्या पुठ्ठ्यावर,
कारण प्रवासी बॅग फुकट होती.
बॅगेची चेन पहिल्याच लग्नात तुटली.

घेतलं ते घेतलं. नाही म्हणत नाही.
आईचा डावा डोळा त्या कार्डावर उघडला,
कूलरचा पंप आला,
प्रज्वलच्या क्लासचा दुसरा हप्ता गेला,
आणि शेवटी शेवटी (इथे पेन थांबतो) तांदूळ.
तांदूळ कधीच संपला.
व्याज अजून शिजतंय.

महिन्याला साडेतीन, म्हणजे वर्षाला बेचाळीस.
बेचाळीस हा तर आमच्या एप्रिलचा आकडा.
त्यात आम्ही लग्नं लावतो, गच्चीवर वड्या घालतो,
डोक्याला दुपट्टा बांधून बर्डीवर खरेदीला जातो.
पण तो पारा कधीतरी उतरतो.

बर्डीच्या शाखेत मी एवढंच विचारलं:
दर महिन्याला दोनशे एकोणपन्नास रुपये
'सुरक्षा कवच' म्हणून कापले तुम्ही, सहा वर्षं.
नोकरी गेली तर हप्ते बँक भरेल, असं ते कवच.
आता गेली नोकरी. काढा कवच.
काउंटरवरच्या मुलानं पानं उलटली, बोट ठेवलं.
कलम चौदा, क. कंत्राटी कामगार वगळून.

मी कंत्राटी कधी झाले?
मग आठवलं. दिवाळीआधी, बोनसच्या रांगेत,
सगळ्या बायांकडून एका कागदावर सह्या घेतल्या होत्या.
पेढ्याचा डबा शेजारीच उघडा होता.
तीही सही माझीच.

रात्री लिहायला बसले तर शेजारची शकूबाई दारात.
'काऊन वं कुंदे, वकील झाली का आता?
बँकेशी भांडून कोणी जिंकलं का वं माय?'
मला काय माहीत.
मी बहात्तर महिने गुणिले दोनशे एकोणपन्नास करत होते.
सतरा हजार नऊशे अठ्ठावीस.
तिनं चष्मा मागितला, आकडा पाहिला,
आणि न बोलता कूलरमध्ये पाणी ओतून गेली.

पत्र दीड पानाचं झालं. अक्षर मोठं काढलं.
मुद्दल मान्य, हळूहळू फेडीन.
कवचाचे पैसे परत, त्यावर चढलेलं व्याज परत,
आणि मी ज्या पानावर हो म्हटलं ते मूळ पान दाखवा.
वर एक लाल टॅग टाचला, जुन्या पर्सच्या तळाशी सापडलेला:
भाग: करारनामा. नग: एक.
दोष: कलम चौदा क.
तपासणार: कुं. ढोमणे.

'हे काय मॅडम?'
जोडपत्र.
'याची पोच देता येत नाही.'
तसा नियम कुठल्या पानावर आहे?
तो आत गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला,
शिक्का मारला. तिरपा, पण तारीख वाचता येते.

मेट्रोच्या जिन्यात फोन वाजला.
आज चौथ्यांदा. तीच गोड पोरगी, तोच चुकीचा उच्चार:
'ढोमानी मॅडम बोल रही हैं?'
मी पायरीवरच बसले. मागच्यांनी वळसा घातला.
ढोमणे, म्हटलं.
ण, बाणाचा.
आधी तेवढं दुरुस्त करून घ्या.