दोनशे बारा खुर्च्या

मोक्पोच्या बंदरापाशी, पाचव्या मजल्यावर
तीन नंबरचा पडदा. झाडू माझा.
रात्री पावणेएकच्या खेळाला बोर्डावर लाल अक्षरं:
हाउसफुल्ल.
मी दार ढकललं
तर आत चिटपाखरू नाही.
पडद्यावर शहर जळत होतं,
हेलिकॉप्टरं कोसळत होती,
आणि नायक, बिचारा, मागे वळून
दोनशे बारा रिकाम्या खुर्च्यांना सांगत होता,
घाबरू नका, मी आहे.

मॅनेजर ग्वाक म्हणाले, ओक-बुन आजी,
तिकिटं गेलीत. सगळी.
कुणी घेतली?
कंपनीनंच. सकाळपर्यंत आकडा
एक कोटीला टेकवायचाय.
आज झाडायचं राहू द्या.
मी तरी झाडलं. पगार झाडण्याचा आहे,
कचरा असण्याचा नाही.

सकाळी पेपरात आलं: एक कोटी.
दाराशी सोनेरी फुगे लावले.
त्यातला एक दुपारीच मरगळला.
आकड्याला मी नावं ठेवत नाही, बरं का.
त्याच कोटीवर बोनस मिळाला,
नातीच्या दातांना तार बसली.

लहानपणी आमच्या गावात तंबू लागायचा.
पैसे नसले तर अंडी चालत.
मोठ्या माणसाला दोन, पोराला एक.
वडिलांनी एकदा
खुडूक बसलेल्या कोंबडीखालची दोन काढून नेली.
तो सिनेमा शहरात म्हणे साफ आपटलेला.
वडील परतताना कालव्याच्या बांधावर बसले
ते उजाडेपर्यंत उठले नाहीत.
काय पाहिलं, कधी बोलले नाहीत.
आई वर्षभर ऐकवत राहिली: दोन पिल्लं गेली.
हे कुठल्या वहीत मांडायचं?
अंड्यांच्या भावानं,
की पिल्लांच्या?

आणि हा प्यो. मासळीच्या लिलावातला,
बुटांना बर्फाचा वास.
फुग्यांच्या सिनेमाला अकरा वेळा आला.
कायम आठवी रांग, कडेची खुर्ची.
सत्तेचाळिसाव्या मिनिटाला पुलावरून गर्दी पळते,
त्यात पिवळ्या रेनकोटातली एक बाई
निसटलेली चप्पल उचलायला वाकते.
तीन सेकंद. नीट मोजली तर तीनही नाहीत.
चित्रीकरण झालं त्या वर्षी उन्हाळ्यात,
त्या वर्षी थंडीत ती गेली.
अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला प्यो जिन्यावर असतो.
पुढे शहर वाचलं का, त्याला माहीत नाही.
एकदा मी सांगायला गेले
तर म्हणाला, नको आजी.
ती पळतेय, तेवढं पुरे.

कोटीत त्याचे अकरा आहेत.
त्या रात्रीचे दोनशे बाराही आहेत,
रांगेनं, शिस्तीत बसलेले, कुणी खोकत नाही.
मशीन दोघांचं तिकीट
एकाच आवाजात फाडतं.

बुधवारी सिनेमा उतरला.
शेवटच्या खेळाला बोर्डावर आकडा: एक.
मी झाडू घेऊन भिंतीशी थांबले,
म्हटलं, बघू तरी.
आजवर सगळे सिनेमे मी दाराच्या फटीतून पाहिलेत,
कुणाचा शेवट, कुणाचं मधलंच भांडण.
आला पूल. आली गर्दी.
आला तो पिवळा रेनकोट.

ती हसत होती.
मागे आग, पुढे पोलीस, सगळे ऊर फुटेस्तोवर पळतायत,
आणि ही बाई, चप्पल हातात,
शेजारणीकडे बघून
जेवणाची सुट्टी झाल्यासारखी हसत होती.
दिग्दर्शकाला दिसलं नसणार,
नाहीतर कापलं असतं.
कोटीतल्या किती जणांना दिसलं, कोण सांगणार.

प्यो उठला नाही.
सत्तेचाळीस गेलं, अठ्ठेचाळीस गेलं,
शहर वाचलं, नावं वर सरकली,
गर्दीच्या नावांची रांग फार बारीक अक्षरात होती.
तो पुढे झुकून वाचत राहिला.
मी दिवे लावायला गेले नाही.