पंप पाठीवरच राहिला

पौषातलं ऊन. म्हापणचा सडा अजून तापायचा होता.
सोळा लिटर औषध पाठीवर,
तोंडाला बायकोची जुनी ओढणी,
दिवसाला सातशे आणि दुपारची पेज.
असा मी शालन कोचरेकरणीच्या भरडावर चढलो.

"ह्या सात झाडांर मारू नको," ती म्हणाली.
"कित्याक?"
"हंय हुमले आसत."

हसू आलं मला.
हुमले म्हणजे काजी पाडताना
काखेत, मानेवर, पापणीच्या कडेला डसणारे.
त्यांच्यासाठी कोणी झाड सोडतं?

तिने बोट दाखवलं.
फणसापासून पहिल्या काजीपर्यंत
ताणलेलं सुंभ,
पहिलीपासून दुसरीपर्यंत आणखी एक.
तांबड्या जातीचा साकव तो.
जाणारे थांबत, येणाऱ्यांना मिशांनी काही विचारत,
आणि पुढे होत.

मग पानाचं देठ उलटं करून दाखवलं.
तिथे थेंब होता,
मोहरीच्या दाण्याहून लहान.
हातमोजा काढला, बोटाने टिपला, जिभेवर ठेवला.
गोड.
वीस वर्षं काजी फवारतोय
आणि हे झाड आधीपासून काहीतरी वाढून बसलंय
हे मला माहीत नव्हतं.

काज इथली नव्हे.
फिरंग्यांच्या गलबतातून उतरली म्हणतात,
तिकडच्या तिच्या मुंग्या तिकडेच राहिल्या.
थेंब धरायची खोड तेवढी बियांतून आली.
पहिल्या वर्षी कोणासाठी पाझरली असेल?
पत्ता चुकलेल्या पत्रासारखा
तो गोडवा देठाशी सुकत असेल,
आणि एका दुपारी
शेजारच्या किंजळीवरून उतरला असेल कोणी,
भाषा न येणारा,
वाट चुकलेला,
भुकेला.

वर पानं शिवणं चाललं होतं.
एकाने दुसऱ्याची कंबर धरलेली, दुसऱ्याने तिसऱ्याची,
अशी साखळी दोन पानांच्या कडा
केसाकेसाने जवळ आणत होती.
कडा भिडल्या तेव्हा आतून पोर आणलं,
तोंडात धरून धोट्यासारखं इकडून तिकडे फिरवलं.
त्याच्या तोंडचं रेशीम
घराच्या भिंतीला गेलं.
त्याच्या कोशाला काही उरलं असेल
असं वाटलं नाही.

एक ढेकण्या मोहरावर बसायला आला.
बसला नाही.

तरी फार भाबडं होऊ नये.
मी खालच्या फांदीला पाहिलंच:
कोवळ्या दांड्यावर पिठ्याची पांढरी वाडी,
आणि हुमले तिची राखण करतायत, दूध काढावं तसे
तिच्याकडून गोड घेतायत.
झाडाचा रस त्या वाटेनेही चाललाय.
"ह्या काय मगे?" मी विचारलं, जरा जिंकल्यासारखा.
शालनने पिठ्याची फांदी तेवढी मोडून टाकली.
"राखणो म्हटलो की
चार काजी खातलोच."

पलीकडच्या बांधावर तुकारामची झाडं होती,
गेल्याच आठवड्यात मीच फवारलेली.
हिरवी, स्वच्छ.
कान लावला तर
पाहुणे उठून गेलेल्या घरासारखी.

तिने तीनशे दिले. अर्ध्याहून कमी.
मी घासाघीस केली, तिने पेज वाढली, मी खाल्ली.
भरला पंप घेऊन तसाच सडा उतरलो;
रिकाम्या पंपापेक्षा
भरलेला परत नेणं जड जातं, कुठे ओतायचा
हे कोणी शिकवलेलं नसतं.

घरी आल्यावर मानेला काही वळवळलं.
एकच होता.
चिरडायला बोट उचललं तेव्हा दिसलं:
मागचे पाय घट्ट रोवून
तो माझ्या कॉलरची कड ओढत होता,
शिवायला घ्यावी तशी,
आणि दुसरी कड धरायला
कोणीच आलं नव्हतं.