खालचा नुक्ता

अंबाजोगाईच्या तहसिलीत, अभिलेख कक्षाच्या दारात
सकाळपासून रांग.
प्रत्येकाच्या हातात आजोबा, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
कुणाला दाखला हवाय, कुणाला पडताळणी,
कुणाच्या पोरीचं ॲडमिशन शनिवारपर्यंत.
मी म्हणाले, मला नुसतं बघायचंय.
कारकून माझ्याकडं असा बघतो
जसं काही मी दवाखान्यात येऊन म्हणाले,
दुखत काही नाही.

आमचं आडनाव निंबे.
म्हणजे माझं नाही आता, माझं ब्याण्णव साली बदललं.
माहेरचं.
त्याची गोष्ट घरात सांगतात ती अशी:
मूळ पुरुष मसाजी, दुष्काळात बालाघाट उतरून आला,
जिथं पाठ टेकली तिथं निंब होता,
म्हणून निंबे.
भावानं गेटवर निंबाची डहाळी कोरून घेतलीय, लातूरहून.
दारात मात्र लावलाय बदाम.

रजिस्टर उर्दूत. फसली बाराशे सत्याऐंशी.
नईमोद्दीन मास्तर वाचून देतात, रिटायर झाल्यापासून,
एका नावाचे पन्नास, गरिबाला चहावर.
भिंग धरून ते ओळीवरून सरकतात
तांदळातला खडा शोधावा तसे.
"मसाजी वल्द कोंडाजी," म्हणाले. मग थांबले.
"बाई, नुक्ता नीचे है."
म्हणजे?
"ऊपर रहता तो निबे. नीचे है तो बिबे.
बिबा. बिबा मालूम ना?"

मालूम आहे.
डोंगरातला काळा बिबा,
ज्याचं तेल लागलं की अंग उततं,
काटा मोडला की आत्या टाचेला ज्याचा चटका द्यायची.
त्याच तेलानं हा माणूस
छावणीतल्या स्वारांच्या कपड्यांवर खुणा करायचा.
पेशा धोबी, रिसाला मोमिनाबाद.
(मोमिनाबाद म्हणजे हेच गाव. त्याचंही नाव बदललं.)
चारशे अंगरखे, एकसारखे मळके,
आणि प्रत्येक परत आपल्याच धन्याकडं.
एकही हरवला असं कुठं लिहिलेलं नाही.

पुढची नक्कल फसली तेराशे वीसची.
कुणा मुन्शीची मान अवघडली असेल,
दौतीत माशी पडली असेल,
नुक्ता खालून वर गेला.
मग निजाम गेला, तलाठी आला,
त्यानं पदरचा एक अनुस्वार दिला.
दोन ठिपक्यांत आम्ही झाडाखाली जाऊन बसलो.

न धुतलं जाणारं लिहायचा जन्मभर,
त्याचंच तेवढं धुतलं गेलं.

भावाला फोन केला.
तो म्हणाला, "चांगलं चाललंय त्यात कशाला बिबा घालतेस?"
आणि त्याला कळलंही नाही काय बोलला.
मला हसू आवरेना. रांगेतली माणसं बघायला लागली.

त्याच पानावर खाली मसाजीची निशाणी.
नांगर नाही, तागडी नाही, अंगठाही नाही.
तीन ठिपके,
चुलीच्या दगडांसारखे.

अण्णा कंपाउंडर होते.
इस्त्रीला टाकायच्या प्रत्येक पायजम्याला
आतून, नाडीजवळ, बॉलपेननं हेच तीन ठिपके.
नाव लिहा की, म्हणायचे मी.
"आपल्यात असंच असतं," एवढंच बोलायचे.
त्यापलीकडचं त्यांनाही माहीत नसावं.

मास्तरांनी पावती लिहायला घेतली.
"आप का नाम, बाई?"
नाव सांगितलं. आडनावापाशी अडले.
सासरचं, माहेरचं,
की हे आजचं, अजून ओलं असलेलं?
त्यांचा पेन बिनठिपक्याच्या अक्षरावर थांबलेला.
मागं कुणीतरी कुणाच्या तरी पणजोबाचा नंबर पुकारला.

"आराम से," मास्तर म्हणाले, भिंग पुसत.
"मगरिब तक यहींच हूँ मैं."