कॉइल, गॅसकेट, व्हिजिट

मुस्तकीमने गिझरचं पोट उघडलं,
कॉइल बाहेर काढून कालच्या पेपरावर ठेवली.
ती कॉइल वाटतच नव्हती.
चुन्याने माखलेलं, पांढरंफटक,
ओहोटीनंतर मार्व्याला सापडावं तसलं काहीतरी.
स्क्रूड्रायव्हरने टकटक केलं
तर खपली निघाली, अंड्याच्या टरफलाएवढी.

"बोअरचं पाणी?"
"टँकरचंही. टॉवर झाल्यापासून
सगळं मिसळूनच येतं."
त्याने मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी,
म्हणजे आता पैशाचं बोलणं.

शब्दकोड्याच्या कडेला त्याने लिहिलं:
कॉइल साडेआठशे. पाचशेचीही मिळते,
पण तिची जबाबदारी माझी नाही.
थर्मोस्टॅट चारशे वीस.
गॅसकेट साठ.
आणि मालवणीहून इथवर यायचे तीनशे.

"साठ कसले? रबराचं वेटोळं ते!"
आतल्या खोलीतून ताई.
पलंगावरून तिला बाथरूम दिसत नाही,
पण चौतीस वर्षं रेशनिंग ऑफिसात काढल्यावर
आकडा भिंतीपलीकडूनही ऐकू येतो.

"आजी, जुनंच लावलं तर महिन्यात गळेल.
मग मला बोलवाल. मग परत तीनशे."
"आजी कोणाला म्हणतोस?"
"ताई."
"हां. आता गॅसकेटचे चाळीस."

मी दारात उभी, ओला पाय कोरड्यावर ठेवून.
त्या दोघांत मी कोणीच नव्हते.
चाळीसवर तो आला, व्हिजिट अडीचशेवर आली,
एकूण पंधराशे साठ.
सत्तर रुपये वाचले म्हणून ताईने
तिकडे एकटीनेच पाणी प्यायल्याचा आवाज आला.

तेवीस दिवसांपूर्वी, बोरिवलीला,
टाय लावलेल्या एका मुलाने माझ्यापुढे
प्लॅस्टिक चढवलेलं कार्ड सरकवलं होतं.
खुब्याचे गोळे. देशी, परदेशी,
आणि एक सिरॅमिकचा, त्याच्या फोटोला चकाकी होती.
मी म्हटलं, मधला.
साडी घेताना मी याहून जास्त वेळ लावते.
किती वर्षं टिकतो, एवढं मात्र विचारलं.
"पंधरा. वापरावर आहे, मॅडम."
ताई एकोणऐंशीची.
मी तिथेच बेरीज केली, मग वजाबाकी,
आणि सही केली, तीन ठिकाणी.
कसले एवढे, असं कोणी ओरडलं नाही.
ओरडणारी आत होती, पायाला वजन बांधून.

काढलेलं हाड त्यांनी ट्रेमध्ये आणून दाखवलं.
खडबडीत होतं.
मी अजून तिला सांगितलेलं नाही.

"टाकी मजबूत आहे," मुस्तकीम म्हणाला,
"पार्ट बदलला की पाच वर्षं बघायला नको.
जुनी कॉइल टाकू का?
भंगारवाला तांब्याचे काहीतरी देईल."
"किती देईल?" आतून.
"तीस, चाळीस."
"ठेव."

लाल दिवा लागला. वीस मिनिटं आम्ही
दोघी तो दिवा विझायची वाट बघत बसलो,
म्हणजे मी बघत होते आणि तिला सांगत होते.
मग वॉकर, मग उंबरठा, मग प्लॅस्टिकचं स्टूल,
त्यावर दुमडलेला टॉवेल.
टाक्यांच्या जागी आता नुसता एक लांब गुलाबी रस्ता.
मी मनगटावर पाणी घेऊन बघितलं
आणि पहिला तांब्या तिच्या खांद्यावर ओतला.

ती काही बोलली नाही.
दुसऱ्यालाही नाही.
तिसऱ्याला म्हणाली, "फार कढत ठेवलंय त्याने.
कमी करायला सांग."
मी फोन घ्यायला वळले.
"राहू दे," ताई म्हणाली, डोळे मिटून,
"तीनशे म्हणेल. तू गार मिसळ."