पालथं वावर

दुपारी दोनला भोंगा होतो,
मग ब्लास्ट.
मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागतात
अन् पुन्हा गप्प.
आमच्याकडं घड्याळं यावरून लावतात.

चौथीतल्या माझ्या पोरीला प्रश्न आला होता:
तुमच्या परिसरातील डोंगराचे नाव लिहा.
तिनं लिहिलं, ओबी.
बाईंनी अर्धा गुण दिला.
अर्धा कशाचा, मी विचारलं नाही.

त्या डोंगराहून मी वीस वर्षांनी मोठी.
तो वाढताना पाहिलाय.
आधी वावराची काळी माती काढली, पुरुषभर,
ती गेली तळाला.
तिच्यावर पिवळी, पिवळीवर मुरूम,
अन् ज्या दगडाला ऊन कधी ठाऊकच नव्हतं
तो बसला सगळ्यांत वर, तापत.
कोळसा ताडपत्रीखालून रेल्वेनं गेला.
वावर मात्र गेलं नाही कुठंच.
इथंच आहे,
पालथं.

दोन एकराला एक नोकरी.
आमचं होतं दोन एकर अन् वर एक धुरा.
पुरुषोत्तम डंपरवर लागला.
ना-हरकतीवर सही मी केली
तहसीलच्या पायरीवर बसून, पेन त्याचाच.
"तुले साडी घेतो," म्हणाला.
घेतली. मोरपंखी.
चांगली होती, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच महिन्यात त्याची पाळी नेमकी तिथं लागली.
शॉवेलनं भरून द्यायचं,
यानं नेऊन ओतायचं.
किती खेपा, मोजल्या नाही म्हणतो.
फक्त एकदा, जेवताना,
"विहिरीची कड आली आज बकेटमंदी.
आई, तुह्या धुण्याचा गोटाही."
आई म्हणाली,
ताकात मीठ कमी हाये का, पाय बरं.

मग गाव उठलं.
कागदावर आता नावापुढं रीठ लिहितात.
नव्या जागेत प्लॉट आहेत, खांबांना नंबर आहेत,
मारोती आणला तो भिंतीकडं तोंड करून बसवावा लागला,
रस्ता तिकडून नव्हता.
माणसं भिंतीशी अंग चोरून नारळ फोडतात.
सवय होते.

मागच्या आखाडीला माहेरी गेले
तर पुरुषोत्तमनं पोरीला वर नेलं डोंगरावर,
गार्डाला हात दाखवून.
मीही चढले, चपला हातात घेऊन.
वरून खदान दिसते, तिच्या तळाचं हिरवं पाणी,
पलीकडं वर्धेचं वळण,
पत्र्यांची रांग, त्यात आईचं घर कोणतं
ते वाळणाऱ्या लुगड्यावरून ओळखलं.
सुबाभळी लावल्यात ओळीनं,
पावसानं मातीला घळी पडल्यात, त्यांत त्या वाकल्यात.

पोर म्हणाली,
मामा, तुमचं वावर कुठं हाये?

त्यानं कंपनीचा बूट दगडावर आपटला,
दोनदा,
कोणाचं दार ठोकावं तसा.

आम्ही तिघंही उगाच थांबलो थोडं.

खाली भोंगा झाला.